टेकडीखालचे नागपूर

(नंदनवन, नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



नंदनवनातून सीताबर्डीला खरेदीसाठी न गेलेले कुटुंब सापडणे कठीण. शाळेचे गणवेश, लग्नाचा बस्ता, दिवाळीचे कपडे, सारे काही तेथेच घेतले जाते. बाजाराच्या डोक्यावर एक टेकडी उभी आहे आणि टेकडीवर किल्ला आहे. पिशव्या सांभाळत चालणाऱ्या माणसाची मान सहसा वर वळत नाही. परंतु या शहराच्या चार-पाच पिढ्यांना त्या टेकडीकडे पाहावेच लागले, कारण तेथील तोफांच्या टप्प्यात त्यांचा बाजार होता. परकीय लष्कराच्या ताब्यात गेलेल्या शहरातील माणूस कसा जगतो, हे समजून घेण्यासाठी नागपूरकरांना जगाचा नकाशा उलगडण्याची आवश्यकता नाही. तो इतिहास आपल्या पायाखालीच आहे.

या इतिहासाचा आरंभ लढाईने झालेला नाही, करारपत्राने झाला आहे. मे 1816 मध्ये आप्पासाहेब भोसले यांनी कारभारी या नात्याने कंपनी सरकारशी तैनाती फौजेचा तह केला. त्या फौजेच्या खर्चापोटी नागपूरने दरवर्षी साडेसात लाख रुपये द्यावेत, असे ठरले. म्हणजे ज्या फौजेने पुढे हे शहर ताब्यात घेतले, तिच्या पोटापाण्याची सोय शहराच्याच महसुलातून झाली. तोफ पुढे आली. तिच्या आधी शाई आली होती.

तहाचा फास लक्षात येताच आप्पासाहेबांनी तो तोडण्याचा प्रयत्न केला. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 या दोन दिवशी सीताबर्डीची लढाई झाली. टेकडीवर कंपनीचे हजार-दीड हजार सैनिक होते. भोसल्यांचे सैन्य त्यांच्या कित्येक पट होते. तरीही टेकडी पडली नाही. त्यानंतर जनरल डव्हटन मोठी कुमक घेऊन आला. 16 डिसेंबरला आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले आणि त्याच दिवशी सक्करदऱ्याच्या परिसरात त्यांच्या सैन्याचा पराभव झाला. सक्करदरा म्हणजे या नंदनवनाचा शेजार. आज जेथे सायंकाळी मुले तलावाकाठी फिरतात, त्या भागात एका राज्याचे भवितव्य ठरले.

राजा स्वाधीन झाला, तरी शहर स्वाधीन झाले नव्हते. भोसल्यांच्या पदरी असलेले अरब सैनिक महालात आणि तटाच्या आत ठाण मांडून बसले. 24 डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर चढाई केली, ती परतवली गेली. आज ज्याला गांधी दरवाजा म्हणतात, तोच हा दरवाजा. अखेर अटी मान्य करून घेऊन 30 डिसेंबरला अरब शहराबाहेर पडले. दोन आठवडे बाहेर इंग्रजांच्या तोफा आणि आत भाडोत्री शिपाई होते. दोघांच्या मधोमध महालातील, इतवारीतील सामान्य घरे होती. युद्धाच्या वर्णनांत सेनापतींची नावे येतात. विहिरीवर पाणी भरायला जाण्याआधी तोफ थांबली आहे की नाही, याचा कानोसा घेणाऱ्या गृहिणीचे नाव कोणी लिहीत नाही. शहर वेढले जाते, तेव्हा खरा वेढा तिच्या चुलीला पडलेला असतो.

त्यानंतर जानेवारी 1818 मध्ये नव्या अटी लादण्यात आल्या. सीताबर्डीच्या टेकड्या, त्यांच्या लगतचे बाजार आणि आसपासची जमीन कंपनीच्या हवाली झाली. या कलमाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. टेकडी घेतली ती पहारा ठेवण्यासाठी; बाजार घेतला तो माणसांना सवय लावण्यासाठी. कोष्ट्याने विणलेले लुगडे, शेतकऱ्याने आणलेली ज्वारी, सराफाने तोललेले सोने यांची उलाढाल आता परक्या निशाणाखाली होऊ लागली. 1821 मध्ये कन्हानच्या काठी कामठीची छावणी वसली. लष्कराला धान्य, चारा, बैलगाड्या, मजूर हवे होते. हातांना काम मिळाले, पदरी पैसा पडला. ताबेदारीचा पहिला लाभ असा खणखणीत असतो आणि म्हणूनच तो फसवा असतो.

आप्पासाहेब मार्च 1818 मध्ये कैद झाले, मे महिन्यात इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले, महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या साह्याने काही काळ झुंजले आणि अखेर 1840 मध्ये जोधपूरला परक्या आश्रयात वारले. इकडे गादीवर दहा वर्षांच्या सुमाराचे तिसरे रघूजी बसवले गेले आणि त्यांच्या नावाने रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स राज्य चालवू लागला. 1830 पर्यंत टप्प्याटप्प्याने कारभार राजाकडे परत आला, परंतु ज्या सर्व मुलखावर इंग्रज अधिकाऱ्यांनी देखरेख केली, त्या मुलखाचे वळण बदलून गेले होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. जेंकिन्सच्या काळात हिशेब चोख झाले, पेंढाऱ्यांची भीती गेली, वसुलीला शिस्त आली. अनेक गृहस्थांना सुटकेचा श्वास टाकावासा वाटला असेल, तर त्यात नवल नाही. पोराबाळांच्या माणसाला शांतता हवीच असते. पण ही शांतता उसनी होती. ज्याने ती दिली, तो ती केव्हाही परत मागणार होता. आणि त्याने ती मागितली.

11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघूजी औरस पुत्राविना निवर्तले. दत्तकाचा हक्क नाकारून डलहौसीने 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. एकही गोळी झाडावी लागली नाही. पुढे वाड्यातील हत्ती, घोडे, बैल लिलावात काढले गेले. जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला रवाना झाले. दुसऱ्या रघूजींची वृद्ध विधवा बाकाबाई हिने वाड्यातील चीजवस्तू हलवल्यास वाड्याला आग लावण्याची धमकी दिली होती. जे बैल सणाला झुली पांघरून मिरवत, ते कवडीमोलाने जाताना लोकांनी डोळ्यांनी पाहिले. 1817 मध्ये शहर जिंकले गेले होते. 1855 मध्ये ते अपमानित झाले.

13 जून 1857 च्या रात्री टाकळीच्या घोडदळाने उठाव करण्याचे ठरवले होते. शहरातील मंडळीही त्यात सामील होती. बेत फुटला. इंग्रज कुटुंबे टेकडीवर सुरक्षित पोहोचली, शहराची शस्त्रे काढून घेतली गेली आणि फासावर चढणाऱ्यांत घोडदळाचे देशी अधिकारी होते. त्या प्रसंगी बाकाबाईने आपले वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले. पुढच्याच वर्षी तिचा मृत्यू झाला.

शहराने तिला क्षमा केली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी मारबत ही बाकाबाईचीच प्रतिमा, असे परंपरा सांगते. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी मारबत 1885 पासून निघते, असे मानले जाते. ज्या शहराची शस्त्रे काढून घेतली गेली होती, त्याने कागद, बांबू आणि रंग हाती घेतले. रोगराई आणि ईडापीडा घेऊन जाण्याची विनवणी करत जनसमुदाय रस्त्यावर उतरे. ईडापीडेचे नाव घेतलेच पाहिजे, असे नव्हते.

तथापि काळ्या मारबतीकडे पाहताना क्षणभर थांबावे. वाडा जाळण्याची धमकी देणारी बाकाबाई आणि दोन वर्षांत इंग्रजांच्या बाजूने उभी राहणारी बाकाबाई ही एकच स्त्री होती. चाळीस वर्षे तिने टेकडीच्या सावलीत काढली होती. नातवाची गादी राखणे, मग दत्तकाचा हक्क राखणे, मग निदान तनखा राखणे, अशा एकेका पायरीने ती उतरत गेली. प्रत्येक पायरीवर कारण व्यवहार्य होते. तिचा निर्णय चूकच होता; परंतु तिच्यावर बोट रोखणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या घरातील पायऱ्याही मोजाव्यात.

कारण पायऱ्या साऱ्या शहरानेच उतरल्या होत्या. 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची गिरणी नागपुरात सुरू झाली. भांडवल देशी, कापूस वऱ्हाडचा, हात नागपूरचे. आणि नाव ‘एम्प्रेस’. गिरणी बंद पडली, त्या जागी मॉल उभा राहिला, तरी ते नाव सुटले नाही. लष्कर निघून जाते; सवय मुक्कामाला राहते.

सवय मोडण्याचा आरंभही घरातूनच झाला. सीताबर्डीवरील युनियन जॅक उतरवायचा म्हणून वझे मास्तरांच्या घरातील खोलीत भुयार खणायला निघालेल्या शाळकरी मुलांत केशव हेडगेवार होते, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. गुरुजींनी ते खणणे थांबवले. भुयार टेकडीपर्यंत पोहोचणार नव्हतेच. पण ज्या वयात मुले टेकडीला निसर्ग समजू शकली असती, त्या वयात त्यांना ती अन्याय म्हणून दिसत होती. 1923 मध्ये सिव्हिल लाईन्समध्ये राष्ट्रीय झेंडा नेण्यास बंदी होती. आपल्याच शहरातील एका रस्त्यावरून चालता यावे, एवढ्यासाठी मे ते ऑगस्टपर्यंत झेंडा सत्याग्रह चालला. देशभरातून आलेल्या दीड हजाराहून अधिक सत्याग्रहींनी कारावास पत्करला. टेकडी तीच, रस्ता तोच होता. पाहणाऱ्याची मान बदलली होती.

म्हणून शेवटी एवढेच. सीताबर्डीचा किल्ला आज भारतीय सेनेच्या ताब्यात आहे आणि वर्षातील मोजक्या राष्ट्रीय दिवशी तो नागरिकांसाठी खुला होतो. त्या दिवशी नंदनवनातील आई-वडिलांनी मुलांना तेथे न्यावे. वाटेत जुम्मा दरवाजाजवळ थांबावे. वर पोहोचल्यावर खालचा बाजार दाखवावा आणि विचारावे, की येथून तोफ कोणाकडे रोखलेली होती. उत्तर मुलांनाच शोधू द्यावे. ज्या घरात हा प्रश्न विचारला जातो, त्या घराला उसन्या शांततेची किंमत पुन्हा समजावून सांगावी लागत नाही.