कण, देह आणि आत्मा



आपल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनीं (1551–1615) सुमारें 40 फूट लांब व 4 फूट रुंद कापडावर ओंव्या व आकृत्या काढून पासोडी सिद्ध केली. तिचा विषय पंचीकरण, म्हणजे देह कशाचा झाला आणि आत्मा त्याहून निराळा कसा.

हा हिशेब जुन्या सोळा आण्यांनीं मोजावा. दिसते त्या मातींत आठ आणे पृथ्वी. पाणी, तेज, वायु व आकाश दोन-दोन आणे. पाण्यांत आठ आणे पाणी, बाकीचीं चार दोन-दोन आणे. पांचांचें असेंच. अशा मिश्रणाचा देह. आत्मा या वाटणींत नाहीं, तो केवळ पाहणारा. प्रत्येक देहाचे सोळा आणे येथेंच पुरे झाले. जातीसाठीं एक पैहि उरली नाहीं, हें ध्यानांत घ्यावें.

याहून प्राचीन मत कणादाचें. शेतांत सांडलेले कण वेचून तो निर्वाह करी, अशी आख्यायिका आहे. ढेंकूळ फोडीत गेल्यास शेवटीं न फुटणारा परमाणु उरतो, असें हें मत. फोडण्यास अंतच नसेल तर मोहरी व मेरु सारखेच ठरतील, हा त्या पंथाचा युक्तिवाद. कवडशांत नाचणारा धूलिकण त्यांनीं सहा परमाणूंचा मानिला. आत्मा मात्र परमाणूंचा नव्हे, तें वेगळें द्रव्य. उलट ग्रीक देशचा डेमॉक्रिटस म्हणे, आत्माहि सूक्ष्म वाटोळ्या कणांचाच; मरणाबरोबर ते पांगतात. शंकराचार्यांनीं परमाणुवाद खोडिला, आणि दासोपंतांची वाट वेदांताची.

आतां कोणी म्हणतात, आजची अणुविद्या आमच्या पूर्वजांपाशीं होतीच. तें आम्हांस पटत नाहीं. कणादानें तर्क केला. त्यास वजनाचा आधार इंग्लंडांत जॉन डाल्टन यानें दिला व 1808 सालीं आपला ग्रंथ छापिला. हा डाल्टन विणकराचा मुलगा. बाराव्या वर्षापासून खेड्यांतल्या शाळेंत शिकवीत असे. पाणी हें मूळ भूत नसून दोन वायूंचें बनतें, हेंहि 18 व्या शतकांत प्रयोगानेंच ठरलें. तर्क थोर खरा, पण माल तागडींत घातल्यावांचून त्याचें वजन कोणी सांगूं नये.

आत्मा मात्र कोणाच्याच तागडींत आलेला नाहीं. म्हणून आत्म्याच्या नांवानें एकास उच्च व दुसऱ्यास नीच ठरविणारास विचारावें, तुम्हीं तो कोठें मोजिला? आणि मुलांनीं असें विचारिलें तर त्यांस गप्प बसवूं नये. उद्यां सकाळीं त्यांस घरांतला कवडसा दाखवा व विचारूं द्या.