पान्हा कुणाच्या हातात?

(घरखेप काम करणाऱ्या स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'स्त्रिया आणि तंत्रज्ञान' असा विषय छापलाय. तो वाचून मला जरा धडकीच भरली. मी आपली एका मशीनविषयी बोलणार आहे. शिलाईचं मशीन, जुनं, कारखान्यातलं, भंगारातून आणलेलं. आम्ही सहाजणींनी ते खोललं, धुतलं, परत जोडलं, त्याला नवी मोटार बसवली. त्यातून बरं-वाईट जे झालं ते सांगते. त्यात तंत्रज्ञान कुठे सापडलं तर तुम्ही उचलून घ्या.

आमची वस्ती भोसरीची, एमआयडीसीच्या कुंपणाला लागून. एमआयडीसी १९६२ ची. माझे सासरे बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून इकडे आले, तेव्हा या माळावर कारखाने उभे राहत होते. पुढे उद्योग चाकणपर्यंत सरकले. चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार एवढंच आम्हाला माहीत. तिथे २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मागोमाग महिंद्राचा. एवढ्या मोठ्या पट्ट्यात रोज हातमोजे लागतात, एप्रन लागतात, गणवेश लागतात, हत्यारं ठेवायच्या कॅनव्हासच्या पिशव्या लागतात. हे सगळं शिवतं कोण? मोठा ठेकेदार छोट्याला देतो, छोटा टेम्पोतून गठ्ठे टाकून जातो, आणि ते आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत शिवलं जातं.

आता तुम्ही म्हणाल, घरोघरी शिलाई मशीन आहे, मग अडचण काय? आमच्या गल्लीत पाच मशीनं आहेत, कुठल्या ना कुठल्या योजनेत वाटलेली. फोटो काढून वाटलेली. ती घरगुती मशीनं. ब्लाऊज, परकर शिवायला उत्तम. पण एप्रनच्या जाड ड्रिलच्या चार पदरी शिवणीवर सुई वाकते, आणि कॅनव्हास दाखवला की मशीन जागच्या जागी थबकतं. पाचातल्या दोन मशीनांवर आज टीव्ही ठेवलेला आहे. ज्यांनी वाटली त्यांनी कधी येऊन विचारलं नाही की बाई, तुला काम कुठलं मिळतं आणि त्याला मशीन कसलं लागतं.

मग जाड काम आम्ही कुठे करायचो? ठेकेदाराच्या शेडमध्ये, त्याच्या मशीनवर. तो प्रत्येक नगामागे मशीनचं भाडं कापून घ्यायचा. सुई मोडली तर सुईचे पैसे, दोरा जास्त गेला तर दोऱ्याचे. एकदा हिशोब मांडला तेव्हा आमच्या लक्षात आलं की वर्षभरात भाड्यापोटी आम्ही एका जुन्या मशीनएवढे पैसे दिले होते. त्या दिवशी बचत गटाच्या बैठकीत ठरलं की आपलं मशीन घ्यायचं.

नवं परवडणारं नव्हतं. २०२० च्या टाळेबंदीनंतर आमच्या बाजूची बरीच छोटी वर्कशॉप बंद पडली, त्यांचं सामान वजनावर विकलं गेलं. २०२२ मध्ये आम्ही दोघीजणी कुदळवाडीला गेलो. कुदळवाडीतल्या भंगाराच्या शेडवर पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये बुलडोझर फिरला, तेव्हा हे सगळं होतं. भंगारवाला म्हणाला, 'ताई, घरचं कुणी माणूस नाही आलं का?' आम्ही म्हटलं, आम्ही माणसंच आहोत. साडेसहा हजारांना मशीनचं डोकं, टेबल आणि खालची मोटार मिळाली. जुकी कंपनीचं होतं. ही जपानी कंपनी १९३८ साली निघाली ती मुळात बंदुका करायला. युद्ध संपल्यावर, १९४७ साली, तिने शिलाईचं घरगुती मशीन काढलं. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. असो.

मशीन घरी आलं तर चाक फिरेना. मिस्त्रीला बोलावलं. त्याने वरूनच बघितलं, म्हणाला जॅम आहे, भंगारात द्या, नाहीतर माझ्याकडे सोडा, आठ हजार होतील. आमच्यातली एक, जी पूर्वी कारखान्यात कंत्राटी कामावर होती, ती म्हणाली की हा न उघडताच सांगतोय, आपण उघडून तरी बघू. बिघडलेलंच आहे, आणखी काय बिघडणार?

मशीन मागे कलंडवलं. खाली तेलाचं ताट असतं. त्यातलं तेल काकवीसारखं झालेलं आणि त्यात सुताचा लगदा. या मशीनला घरगुती मशीनसारखं थेंब थेंब तेल घालत नाहीत. ताटात तेल भरायचं, मशीन चाललं की आतला पंप ते वर चढवतो, आणि डोक्यावर काचेची एक छोटी खिडकी असते तिच्यात तेल उडताना दिसतं. ते दिसलं नाही तर मशीन थांबवायचं. आम्ही सगळं रॉकेलने धुतलं, वायर काढून, दार उघडं ठेवून, चूल-गॅस बंद ठेवून. शटलच्या भोवती दोऱ्याचा इतका घट्ट गुंता होता की तो ब्लेडने कापून चिमट्याने काढावा लागला. तिसऱ्या दिवशी चाक हाताने फिरलं. त्या वेळी आम्ही ओरडलो ते शेजारी काय झालं म्हणून बघायला आले.

फिरलं, पण टाका पडेना. इथे आमचे आठ दिवस गेले. सुई खाली जाते, किंचित वर उचलते, तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा छोटासा फास तयार होतो. त्याच क्षणी शटलचं टोक येऊन तो फास उचलतं. एका टाक्याला सुई एकदा खाली येते आणि शटल दोनदा फिरतं. त्यामुळे दोघांची वेळ जुळायलाच हवी. आमचं शटल उशिरा येत होतं. सुईच्या दांड्यावर बारीक रेघा कोरलेल्या असतात, पुसून पुसून बघाव्या लागतात. दांडा अगदी खाली नेऊन वरची रेघ जुळवायची, मग चाक फिरवून खालची रेघ त्या जागी येईपर्यंत दांडा उचलायचा, आणि तिथे शटलचं टोक बरोबर सुईच्या मध्यावर आणायचं. सुई आणि टोक यांत कागद जाईल न जाईल एवढीच फट. शटलचे स्क्रू ढिले केले की ते फिरवता येतं. एवढंच. पण हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यातल्या चौघी शिवण वर्ग पास आहेत, प्रमाणपत्रं आहेत.

यावर मला जरा बोलायचंय. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सेवासदन सुरू केलं, तेव्हापासून बायकांना शिवण शिकवणं चाललंय. एकट्या पडलेल्या कितीतरी बायकांची चूल त्या शिवणावर पेटली, हे विसरून चालणार नाही. पण आजच्या वर्गातही कटोरी शिकवतात, कळी शिकवतात, आणि मशीन अडलं की 'मिस्त्रीला बोलवा'. फिटरचा कोर्स मुलांचा, शिवणाचा मुलींचा. मशीन चालवते बाई, उघडतो पुरुष. मिस्त्री येईपर्यंत दोन दिवस काम बंद, म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली, ती कुणी मोजत नाही.

आमच्याही चुका झाल्या. या मशीनची सुई गोल दांड्याची असते. घरगुती सुईला एक बाजू चपटी असते, ती चुकीची बसतच नाही. ही कशीही बसते. लांब खोबण डावीकडे पाहिजे, आम्ही उलटी लावली आणि दुपारभर दोरा तुटत बसला. शिवाय माझ्या बोटातून सुई गेली. मोटारचं बटण चालू होतं आणि पाय पेडलला लागला. चूक माझीच. पण त्यातून मोटारीचा विषय निघाला.

जुनी क्लच मोटार बटण दाबलं की चालूच राहते, मिनिटाला जवळपास २८०० फेरे, तुम्ही शिवा किंवा नुसत्या बसा. सारखी घरघर. खोलीत लेकरू झोपत नाही, शेजारीण भांडायला येते, वीज जळत राहते. पेडलला जरा पाय लागला की मशीन सुसाट सुटतं. नव्याने शिकणाऱ्या बाया तर त्याला हातच लावायच्या नाहीत. आम्ही गटातून पैसे काढून सर्व्हो मोटार घेतली. ही पाय दाबला तरच फिरते, बाकी वेळ गप्प. वेग आपल्याला हवा तेवढा ठरवता येतो. पहिल्यांदा बसवली तेव्हा चाक उलटं फिरायला लागलं, सगळा दोरा खाली अडकला. दिशेचं सेटिंग बदलावं लागतं हे नंतर कळलं. चाक नेहमी आपल्याकडे फिरलं पाहिजे. त्याशिवाय जाड कामासाठी मोठे दाते आणि त्याबरोबरची प्लेट घातली, १८ नंबरची सुई लावली, रेक्झिन चिकटू नये म्हणून टेफ्लॉनचा फूट घेतला. गाडीच्या सीट कव्हरचं फोम लावलेलं काम मात्र आम्ही घेतलं नाही. त्याला वॉकिंग फूटचं मशीन लागतं. आपल्या मशीनला झेपेल तेवढंच घ्यायचं.

इथवर ऐकायला छान वाटतं. आता पुढचं ऐका.

ठेकेदाराला कळलं की बायांनी मशीन घेतलंय. तो स्वतः वस्तीत आला, चहा प्यायला, कौतुक केलं. आणि पुढच्या गठ्ठ्याला एप्रनचा दर कमी केला. म्हणे, आता तुमचं काम भराभर होतं, तुम्हाला परवडतं. म्हणजे भाडं वाचलं ते त्याने दरातून काढून घेतलं. वर वीज आमची, दोरा आमचा, जागा आमची, मशीनची झीज आमची. आम्ही नाही म्हटलं. सहा आठवडे काम आलं नाही. त्या काळात गटात भांडणं झाली, खोटं कशाला सांगू. एकीच्या नवऱ्याने सुचवलं की मशीन माझ्या दुकानात ठेवा, मी कामं आणतो. तिलाही ते पटत होतं, घरात पैशाची ओढ होती. पावती गटाच्या नावावर होती म्हणून मशीन हललं नाही. तुम्ही कुणी मशीन घेतलं तर पावतीवर नाव कुणाचं, हे आधी ठरवा. ती नंतर गटातून निघून गेली. आमच्या मनाला ते अजून लागून आहे.

त्या सहा आठवड्यांत आम्ही पाटीवर हिशोब मांडला. एका एप्रनला वीज किती, दोरा किती, सुया किती, तेल किती, आणि शिवणारीचा वेळ किती. वेळ मांडताना आमच्याच तोंडून निघालं, 'तो काय, घरातलाच आहे.' मग एकीने विचारलं, मिस्त्रीचा वेळ आठ हजारांचा आणि आपला फुकटचा कसा? १९४८ च्या किमान वेतन कायद्यात घरी काम नेणाऱ्या कामगाराला कामगार म्हटलं होतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरखेप कामगारांसाठी वेगळा करार केला, १७७ क्रमांकाचा. आपल्या देशाने त्याला मान्यता दिलेली नाही. ठेकेदाराला हे सांगितलं तेव्हा तो हसला. पण पाटीवरचा हिशोब त्याने दोनदा वाचला.

दर पूर्वीइतका झाला, वाढला नाही. एका छोट्या कारखान्याचं पिशव्यांचं काम मात्र आम्हाला ठेकेदाराशिवाय थेट मिळालं. ते महिन्यातून एकदा येतं, कधी येत नाही. आणि आता गल्लीतली मशीनं अडली की बाया आम्हाला बोलावतात. आधी फुकट जायचो. आता पन्नास रुपये घेतो, त्यावरूनही वाद आहेत. आपल्याच बाईकडून कसे घ्यायचे असं काहींना वाटतं. मला वाटतं घ्यावेत. यावर गटचर्चेत बोलू.

मशीनचं डोकं आम्ही टेम्पोतून आणलंय, मागच्या व्हरांड्यात ठेवलंय. चहानंतर शटल खोलून दाखवते. वीज जोडलेली नाही, घाबरू नका. हात लावायचा असेल त्यांनी पदर खोचून या, आणि ज्यांना बारीक दिसत नाही त्यांनी चष्मा आणा, त्या रेघा फार बारीक आहेत.