छोट्या विमानतळावरची टीप

अमेरिकेत सर्वांना खुले असलेले सुमारे ५००० विमानतळ आहेत. नियमित प्रवासी विमानं त्यांतल्या थोड्याच ठिकाणी उतरतात. बाकीच्या धावपट्ट्या मुख्यतः खासगी आणि प्रशिक्षणाच्या विमानांच्या.

तिथे पाहुण्या वैमानिकाला पहिल्यांदा भेटतो तो लाइनमन. हातवारे करून तो विमान जागेवर आणतो, चाकांना ठोकळे लावतो. सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या टाक्या वर असलेल्या पंखांत असतात, म्हणून शिडीवर चढून इंधन भरावं लागतं. त्याआधी स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून तार जोडायची. पिस्टन इंजिनांचं नेहमीचं विमान-पेट्रोल मुद्दाम निळं रंगवलेलं असतं. त्याऐवजी चुकून जेटचं इंधन गेलं, तर इंजिन हवेत बंद पडू शकतं. इतकं जोखमीचं हे काम आहे!

टीप मात्र सक्तीची नाही. वैमानिकाने पंपावर स्वतःच इंधन भरलं, तर प्रश्नच येत नाही. पण कुणी कडाक्याच्या थंडीत विमान हँगरमध्ये ओढून नेलं, सामान उचललं किंवा वेळ संपल्यावरही थांबलं, तर पाच-दहा डॉलर रोख द्यावेत. जेटसाठी जास्त राबावं लागतं, तिथे वीसही रास्त. विमानतळावर ही सेवा देणाऱ्या काही कंपन्या कर्मचाऱ्यांना टीप घेऊ देत नाहीत. तिथे व्यवस्थापकापाशी त्या कर्मचाऱ्याचं नाव घेऊन कौतुक करावं.

अनेक ठिकाणी वैमानिकाला गावात जेवून यायला गाडीही फुकट मिळते. ती परत करताना पेट्रोल भरून द्यायची रीत आहे.