बरणीतला मासा फिका का पडतो?



१९८० साली पुरे झालेल्या उजनी धरणाचे पाणी इंदापूर तालुक्यात भिगवण, पळसदेवपर्यंत पसरलेले आहे. त्या काठच्या कोणत्याही शाळेत पुढील प्रसंग सहज उद्भवू शकेल. एक मुलगा सकाळी डब्यातून चिलापीचे पिल्लू घेऊन येतो. मासा चांगला काळसर असतो. गुरुजी तो पांढऱ्या तामचिनीच्या पातेल्यात सोडतात. मधल्या सुट्टीनंतर मुले येऊन पाहतात, तो मासा राखेसारखा फिकट! एक म्हणतो, तो आजारी पडला. दुसरा म्हणतो, यानेच मासा बदलला. मुलगा शपथा घेऊ लागतो आणि वर्ग हसतो. अशा वेळी गुरुजींना कारण ठाऊक नसेल, तर एका निरपराध मुलावर खोटेपणाचा शिक्का बसावयास वेळ लागत नाही.

मुलगा खरे बोलत असतो. मासा तोच असतो, आणि बहुधा धडधाकटही असतो.

माशाच्या कातडीत रंगाने भरलेल्या अतिसूक्ष्म पेशी असतात. त्यांतील काळ्या पेशींचे काम वर्गात दाखविणे फार सोपे आहे. पांढऱ्या ताटाच्या मधोमध मूठभर काळ्या तिळांचा ढीग करावा. ताट पांढरेच दिसते. तेच तीळ ताटभर पसरावेत, ताट काळवंडते. तीळ तेवढेच, ताटही तेच. पेशीतील रंगाचे कण असेच मध्याशी गोळा होतात किंवा सर्वत्र पसरतात. त्यांस हा हुकूम मज्जातंतूंकडून व रक्तातून वाहणाऱ्या संप्रेरकांकडून मिळतो. म्हणूनच हा पालट काही माशांत थोड्या मिनिटांत, तर काहींत तासांनी घडून येतो. मासा आठवडेच्या आठवडे काळ्या तळावर राहिला, तर मात्र काळ्या पेशींची संख्याच वाढते, आणि मग तो रंग लवकर उतरत नाही.

तळ पांढरा की काळा, हे माशाला डोळ्यांनी कळते. वरून येणारा प्रकाश आणि तळावरून परतणारा प्रकाश यांची तो जणू तुलना करतो. मधमाश्यांच्या अभ्यासामुळे जगप्रसिद्ध झालेले कार्ल फॉन फ्रिश यांनी आपल्या संशोधनाचा आरंभ माशांच्या रंगपालटापासूनच केला होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते. गढूळ पाण्याच्या तळाशी काळसर मासा बगळ्याला दिसत नाही. उथळ, वाळूच्या तळावर फिकट मासा दिसत नाही. या विद्येवर त्याचा जीव अवलंबून असतो.

तथापि प्रत्येक रंगपालटाचे कारण तळ हेच असते असे समजू नये. दाटी झाली, हाताळणी झाली की भीतीनेही रंग बदलतो. रात्री पुष्कळ मासे फिके पडतात. विणीच्या काळात चिलापीचा नर काळाभोर होतो व त्याचा गळा पांढरा दिसू लागतो. शोभेच्या माशांचा तांबडा-पिवळा रंग बराचसा खाद्यातून येतो. शेवाळ, किडे न मिळता केवळ निकृष्ट खाद्यावर राहिलेला मासा हळूहळू निस्तेज होतो. आजारानेही रंग जातो. पण मग मासा खाणे टाकतो, पृष्ठभागी येऊन धापा टाकतो, कलंडून पोहतो. ही लक्षणे पाहिल्यावाचून केवळ रंगावरून निदान करू नये.

बारामतीकडील शाळांना नीरा डाव्या कालव्यातले लहान मासे मिळतील. कालव्यावर मुलांना एकटे पाठवू नये, एवढे मात्र सांभाळावे. रुंद तोंडाच्या दोन सारख्या बरण्या घ्याव्यात. एकीस बाहेरून व तळाखालून काळा कागद, दुसरीस पांढरा लावावा. पाणी मासा आणला तेथलेच असावे, औषध टाकलेले नळाचे नको. प्रत्येक बरणीत सारखा एकेक मासा सोडून दोन्ही बरण्या सावलीत शेजारी ठेवाव्यात. उजेड तोच, पाणी तेच. वेगळा फक्त कागद. दोन तासांनी मुलांनी वहीत रंग लिहावा. मग कागदांची अदलाबदल करून पुन्हा पाहावे. मुलांनी आधी अंदाज लिहून ठेवला, तर गंमत अधिक येते.

शाळा सुटण्यापूर्वी मासे जेथून आणले तेथेच सोडावेत. विकत आणलेला शोभेचा मासा मात्र नदीत वा कालव्यात कधीही सोडू नये. मूळची आफ्रिकेतील चिलापी १९५२ साली भारतात आली आणि आज उजनीच्या पाण्यात तिचेच राज्य आहे. पातेल्यातला तो मासा परत सोडावयास, ज्याने तो आणला त्याच मुलाला पुढे करावे, आणि सकाळी हसलेली मुले त्याच्या बरोबर काठापर्यंत न्यावीत. काळसर चिखलाच्या पाण्यात थोडा वेळ नजर ठेवता आली, तर मासा पुन्हा काळवंडू लागलेलाही कदाचित दिसेल.