शेवाळाची गाळणी
(१९९५च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘एआय आणि आपल्या मुलांच्या नोकऱ्या’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. तो विषय मी ऑफिसात रोज आठ तास ऐकते, म्हणून विचारलं, त्याऐवजी शेवाळावर बोलू का? ग्रुपवर आधी सगळ्यांनी हसण्याची चित्रं टाकली. मग एकाने लिहिलं, “बोल की. पावसाळा संपला की शाळेच्या पायऱ्या सोडणाने घासल्यात आपण. तेवढा अभ्यास आहे सगळ्यांचा.”

तर त्या जांभ्याच्या पायऱ्या आठवा. श्रावणात हिरव्यागार व्हायच्या आणि रोज एक तरी गडी आपटायचा. शेवाळ म्हणजे खरवडून टाकायची गोष्ट, एवढंच आपण शिकलो. पुण्यात माझ्या घरी गेली चार वर्षं मी शेवाळ मुद्दाम वाढवते आहे, त्याला दिवसाचे सोळा तास दिवा लावते आहे. खरवडते मात्र अजूनही दर रविवारी.

हे सुरू झालं आमच्या अण्णांमुळे. तुमच्यातले बरेच जण त्यांना ओळखतात. बाजारपेठेत आमचं किराणा दुकान होतं. पेन्सिली, खोडरबर, चिंचेच्या गोळ्या तुम्ही तिथूनच घेतल्यात, आणि काही जणांची उधारी अजून बाकी आहे. (नावं घेत नाही.) अण्णांचं माप झुकतं असायचं. तराजूचं पारडं ग्राहकाच्या बाजूला थोडं खाली गेल्याशिवाय त्यांचा हात थांबत नसे. आई त्यावरून आयुष्यभर भांडली.

आई गेल्यावर अण्णा आमच्याकडे पुण्याला आले. तेव्हाच विसरायला लागले होते. डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, आपल्या वयाच्या प्रत्येकाच्या घरात कुणाला तरी तो आजार आहे. पाचव्या मजल्यावरून त्यांना समुद्र दिसेना. संध्याकाळी चप्पल घालून “जरा बंदरावर जाऊन येतंय” म्हणायचे. म्हणून मी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली. वरची टाकी आणि खालच्या कपाटातला संप मिळून २२० लिटर पाणी. आरओचं पाणी घ्यायचं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने समुद्री मीठ मिसळायचं. मासे पाच, सगळे हॅचरीत जन्मलेले. त्यात क्लाउनफिशची एक जोडी. प्रवाळ नाहीत. दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे आपल्याकडे वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत आणि ते घरात आणायचे नसतात. मालवणात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागू नये. चिवल्यावरूनही मी काही उचललं नाही. टाकीतले दगडसुद्धा भट्टीत भाजलेले आहेत.

अण्णा खूश झाले. टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे. मासे काचेजवळ आले की म्हणायचे, “भुकेली आसत गो ती.” आणि चिमूटभर खाद्य टाकायचे. वीस मिनिटांत ते विसरायचे, मासे परत काचेजवळ यायचे, आणि माप परत झुकायचं.

इथे थोडा हिशेब सांगते. माशांच्या गोळ्यांमध्ये साधारण ४५ टक्के प्रथिनं असतात. प्रथिनाच्या वजनाचा सहावा हिस्सा, म्हणजे १६ टक्के, नायट्रोजन. हा नायट्रोजन कुठे जातो? थोडा माशाच्या अंगात राहतो. बाकीचा विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि सडलेल्या खाद्यातून अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. अमोनिया विषारी असतो, आणि समुद्राचं पाणी अल्कधर्मी असल्याने त्यात तो जास्तच विषारी ठरतो. दगडांवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण तिथे रस्ता संपतो. ते टाकीतून बाहेर जात नाही, साचत राहतं. रोज एक ग्रॅम खाद्य टाकलं तर २२० लिटरमध्ये आठवड्याला लिटरमागे जवळजवळ १० मिलिग्रॅम नायट्रेट वाढू शकतं.

मग पाणी बदलायचं. दर आठवड्याला ४० लिटर बदललं, म्हणजे जवळजवळ १.४ किलो मीठ, तर नायट्रेट १८ टक्क्यांनी कमी होतं. जितकं जास्त साचेल तितकं जास्त जाईल, त्यामुळे आकडा कुठेतरी स्थिरावतो. दहा भागिले ०.१८, म्हणजे पंचावन्नच्या आसपास. हे एका ग्रॅमचं झालं. अण्णांच्या मापाने तीन ग्रॅम, म्हणजे १६५. पाणी बदलून हे गणित सुटणार नाही हे मला कागदावर दिसत होतं. तरी मी सहा महिने बादल्या उचलत राहिले. इंजिनिअर असण्याचा घरात एवढाच उपयोग.

आणि मग एका रात्री, मी क्लायंटच्या कॉलवर असताना, अण्णांनी अर्धा डबा ओतला. पंचवीसएक ग्रॅम. सकाळी पाणी दुधासारखं पांढरं आणि तीन मासे उताणे. अण्णा तिथेच उभे होते. मला म्हणाले, “कोणी मारल्यान ह्येंका?” मी काही बोलले नाही.

त्या दिवशी खाद्याचा डबा कपाटात गेला आणि कपाटाला कुलूप लागलं. उपाय बरोबर होता असं तेव्हा वाटलं. पण अण्णा दिवसभर त्या कपाटासमोर उभे राहायला लागले. ज्या माणसाने चाळीस वर्षं दुकानाच्या किल्ल्या कमरेला बाळगल्या, तो बंद कपाटाचं कुलूप हलवून बघायचा आणि परत खुर्चीत बसायचा. चौथ्या दिवशी टाकीत कुरमुरे तरंगताना दिसले. सहाव्या दिवशी पोळीचे तुकडे. मुलगी म्हणाली, “आई, टाकीच काढून टाकू या ना.” मीही त्याच निर्णयाला आले होते, खोटं कशाला बोलू?

त्या आठवड्यात वाचताना वॉल्टर एडी या शास्त्रज्ञाचं काम सापडलं. हे अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत होते. प्रवाळखडकांचा अभ्यास करताना त्यांचं लक्ष गेलं ते खडकांवरच्या बुटक्या शेवाळाकडे, जे लाटांच्या माऱ्यात आणि उन्हात झपाट्याने वाढतं आणि मासे ते सतत चरत राहतात. त्यांनी विचार उलटा केला. शेवाळ टाकीत नको असेल तर त्याला टाकीबाहेर याहून चांगली जागा द्या. एका जाळीवर पाणी आदळत ठेवा, वर प्रखर दिवा लावा. शेवाळ तिथे वाढेल, पाण्यातला अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट स्वतःच्या अंगात भरेल, आणि तुम्ही ते खरवडून बाहेर काढा. १९८२ साली त्यांना याचं पेटंट मिळालं. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला १९८७ साली प्रवाळखडकाचं जे प्रचंड मत्स्यालय उघडलं, ते याच पद्धतीवर चालवायला घेतलं होतं.

मला त्यातली एक गोष्ट पटली. जिवाणू घाणीचं रूप बदलतात, पण नायट्रेट घरातच राहतं. शेवाळ ते वजनात आणून हातात देतं. शिवाय अमोनिया त्याला नायट्रेटपेक्षा आधी हवा असतो. म्हणजे जे विष आहे तेच ते पहिलं खातं.

पहिली गाळणी फसली. मी मच्छरदाणीची जाळी वापरली आणि साधा पांढरा दिवा. शेवाळ आलं, पण गुळगुळीत धाग्याला धरून राहीना. दोन आठवड्यांनी अख्खी चादर सुटली आणि पंपात अडकली. मग तुळशीबागेतून भरतकामाची प्लॅस्टिकची कडक जाळी आणली, २० सेंटिमीटर रुंद, २५ उंच. करवतीच्या पात्याने दोन्ही बाजूंनी इतकी घासली की तिची किसणी झाली. तळवा फिरवल्यावर ओरखडा उठला पाहिजे, तर शेवाळ मूळ धरतं. पीव्हीसी पाइपला तीन मिलिमीटरची सरळ चीर पाडली, जाळीची वरची कड तिच्यात बसवली, आणि संपातला पंप त्या पाइपला जोडला. रुंदीच्या दर सेंटिमीटरला ताशी ५० लिटर पाणी लागतं, म्हणजे माझ्या जाळीला १००० लिटर. पाणी जाळीच्या दोन्ही अंगांनी पातळ पडद्यासारखं उतरतं, आपल्याकडे जोराच्या पावसात कौलांच्या पन्हळीवरून उतरतं तसं. दोन्ही बाजूंना लाल एलईडी, रोपं वाढवायला वापरतात ते. दिवे रात्री चालू ठेवते, कारण त्या वेळी वरच्या टाकीत अंधार असतो आणि पाण्याचा सामू घसरायला लागतो. शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि तो घसरू देत नाही.

करणार असाल तर वीज गेल्यावर वरचं किती पाणी खाली येतं ते आधी मोजा आणि संपात तेवढी जागा ठेवा. मी मोजलं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना अजूनही तोंड दाखवायला लाज वाटते.

पहिल्या आठवड्यात जाळीवर तपकिरी मेण आलं. दुसऱ्यात बुळबुळीत काहीतरी. घरच्यांनी नाकं मुरडली. चौथ्या आठवड्यात हिरवं आलं. मग दर रविवारी जाळी काढायची, जुन्या प्लॅस्टिक कार्डाने खरवडायची, मुळांचा पातळ थर ठेवायचा, आणि नळाच्या गोड्या पाण्याने धुवायची. खाऱ्या पाण्यातले बारीक किडे शेवाळ खातात, ते गोड्या पाण्याने मरतात. रविवार चुकवायचा नाही. एकदा ऑफिसच्या रिलीजमुळे मी तीन आठवडे चुकवले. थर इतका जाड झाला की तळाच्या शेवाळाला उजेडच मिळेना. ते सडलं, सुटलं, आणि पोटात साठवलेलं सगळं त्याने पाण्याला परत केलं. किटवरचा रंग परत गडद लाल.

एरवी मात्र दहा आठवड्यांत नायट्रेट ८० वरून १० वर आलं होतं. मग मी कपाटाचं कुलूप काढलं.

अर्धा डबा ओतला तर ही गाळणीसुद्धा वाचवू शकत नाही. शेवाळ आठवड्याच्या वेगाने काम करतं आणि डबा एका मिनिटात रिकामा होतो. त्यामुळे उघडा डबा परत ठेवायची हिंमत होईना. शेवटी मी अण्णांसमोर वर्तमानपत्राचे चौकोन, खाद्याचा डबा आणि गावाहून आणलेला छोटा तराजू ठेवला, अर्ध्या ग्रॅमचं माप दाखवलं आणि म्हटलं, “अण्णा, पुड्या बांधून द्या.” माझ्या मुलीचं नाव त्या दिवशी त्यांना आठवत नव्हतं. पुडी मात्र त्यांनी दोरा न लावता अशी दुमडली की मला आजही जमत नाही. दिवसाला चार पुड्या. सकाळी मी त्या टेबलावर ठेवते, त्या कधी सोडायच्या ते अण्णा ठरवतात. गाळणी नसती तर मला दिवसाला एकच देता आली असती, आणि एका पुडीत त्यांचा दिवस गेला नसता.

रविवारी शेवाळ धुऊन पिळलं की मी त्यांच्यासमोर ठेवते. ते तराजूत घालतात. पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. मी वहीत तारीख आणि वजन लिहिते, कारण न लिहिलं तर रागावतात. मग मीठ निघेपर्यंत परत धुऊन ते कुंड्यांना जातं. ओहोटीला खडकावर येतो तसा वास हॉलमध्ये तासभर राहतो. अलीकडे ते बंदरावर जायला चप्पल घालत नाहीत. त्याचं कारण टाकी की आजार, हे मला सांगता येणार नाही.

जाळीचा एक तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून आणलाय, चहाच्या टेबलापाशी डब्यात आहे. बनवायची असेल त्याला मापं लिहून देईन. आणि अण्णाही आलेत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेत. भेटा त्यांना. ओळखलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, दुकान कुठे होतं ते विचारा. फक्त उधारीचा विषय काढू नका, तेवढं त्यांना पक्कं आठवतं.