मोठ्या हॉटेलात लाजायचं कशाला?



मागं आमचा बचत गट मुंबईला महालक्ष्मी सरस प्रदर्शनात चटण्या विकायला गेला होता. शेवटच्या दिवशी एका ताईंनी आम्हाला पंचतारांकित हॉटेलात जेवायला नेलं. लांबच लांब टेबलावर पदार्थ मांडलेले, पण एकाचंही नाव कळेना. विचारायची लाज वाटली. दही-भात खाऊन उठलो. पैसे पुरते गेले, पोट अर्धंच राहिलं. म्हणून आज हा विषय.

मुंबईचं ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झालं. तिथं आता जपानी, चिनी, अरबी अशी निरनिराळी जेवणं मिळतात. नावं परकी, पण पदार्थ बघा. हमस म्हणजे काबुली चणे शिजवून, तीळ घालून वाटलेली, लिंबू पिळलेली चटणी. ती पिटा नावाच्या रोटीशी खातात. मेक्सिकोचा टॉर्टिया म्हणजे मक्याची पातळ भाकरी. इटलीचा रिसोटो म्हणजे आपला मऊ भात, वर चीज. जपानी सुशीत मात्र बऱ्याचदा कच्चा मासा असतो. माळकरी असाल, उपास असेल, तर आधी विचारा, "यात मांस, मासे, अंडं आहे का?" मराठीत विचारलं तरी चालतं. सांगणं त्यांचं कामच आहे.

बुफे म्हणजे माणशी एकच दर, हवं तितकं खा. थोडं-थोडं वाढून घ्या, आवडलं तर पुन्हा जा. मेनूकार्डावरून मागवलं, तर प्रत्येक पदार्थाचे वेगळे पैसे. आधी दर वाचा.

आता बिल. साध्या हॉटेलात जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. ७,५०० रुपयांहून महाग खोल्या असलेल्या हॉटेलात १८ टक्के. म्हणजे हजाराच्या जेवणाचे ११८० होतात. तो कर द्यावाच लागतो. 'सर्व्हिस चार्ज' मात्र आपल्या खुशीचा. तो बिलात आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये ते कायम ठेवलं. तो काढायला सांगा. ऐकलं नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

बायांनो, सकाळी उठून पन्नास भाकऱ्या थापणारीनं भाकरीचं परकं नाव ऐकून बुजायचं नाही. पुढच्या खेपेला आम्ही पोटभर जेवून येणार. तुम्हीही या.

राम राम!