रिकामा रूळ आणि दुसऱ्याचा मोदक

(गेल्या वर्षी उत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर, थोडा संक्षिप्त करून.)



मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, बिलासपूरला रुळांची देखभाल करणारा माणूस. कायद्याचा अभ्यासक नाही. पण आपल्यातल्या कितीतरी घरांत आता मेस, मसाले, शिकवणी, ट्रॅव्हल्स असे व्यवसाय आहेत आणि अनेकांच्या वेबसाईटही आहेत. वेबसाईटवरच्या एका फोटोने आमच्या घराला जो धडा शिकवला, तो सांगण्यासाठी उभा आहे.

माझी पत्नी ऑर्डरप्रमाणे मोदक आणि दिवाळीचा फराळ करून देते (कार्यालयाला रीतसर कळवले आहे, साहेबांनी काळजी करू नये!). 2019 साली शेजारच्या मुलाने तिला हौसेने वेबसाईट करून दिली. मुखपृष्ठावर केळीच्या पानावर उकडीचे मोदक, कळ्या एकसारख्या, वर तुपाची धार. फोटो गुगलवर शोधून मीच दिला होता. सगळ्यांनी कौतुक केले.

तीन महिन्यांनी पुण्याच्या एका छायाचित्रकार बाईंचा ईमेल आला. फोटो त्यांचा होता. तो काढून टाका आणि वापरल्याचे मानधन द्या, एवढीच मागणी. मी जरा घुश्शातच फोन केला. म्हटले, "अहो, फोटो गुगलवर होता, त्यावर कुणाचे नावही नव्हते." त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, ते मोदक माझ्या आईच्या हातचे आहेत. तुम्ही ते वहिनींच्या हातचे म्हणून विकताय."

मला उत्तर सुचले नाही. मी फक्त फोटो उचलला नव्हता, गिऱ्हाईकालाही खोटे सांगितले होते.

मंडळी, आमच्या खात्यात रूळ कितीही रिकामा दिसला तरी ब्लॉक मिळाल्याशिवाय काम सुरू करत नाहीत. रूळ रिकामा दिसणे म्हणजे परवानगी नव्हे. हे मी रोज माझ्या माणसांना सांगतो आणि घरी येऊन नेमके उलटे केले. आम्ही लेखी माफी मागितली, त्यांचे मानधन दिले आणि फोटो काढला.

त्यानंतर थोडे वाचन केले. त्यातले उपयोगी तेवढे सांगतो.

आपल्याकडे 1957 चा कॉपीराईट कायदा आहे. फोटो काढला त्या क्षणी हक्क निर्माण होतो. नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात खूण किंवा नाव असावे लागत नाही. फोटोचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. चित्राचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे. म्हणून 1906 साली वारलेल्या राजा रविवर्म्यांचे चित्र आज कुणीही वापरू शकतो, पण आजच्या चित्रकाराने कॅलेंडरसाठी काढलेला गणपती बाप्पाचा असला तरी फुकट नाही. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. शिक्षा कमी करण्याची सवलत न्यायालय देऊ शकते, पण धंद्यातल्या फायद्यासाठी केले असेल तर ती मिळत नाही. म्हणजे घरच्या अल्बमपेक्षा दुकानाच्या वेबसाईटने अधिक जपले पाहिजे.

मग फोटो आणायचे कुठून? पहिला मार्ग, स्वतः काढा. दुसरा, पैसे देऊन काढून घ्या. वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा असतो. तरी दोन ओळी लिहून ठेवाव्यात. मित्राने प्रेमाने काढून दिला असेल तर हक्क मित्राचा, त्याला विचारा. तिसरा, फोटो विकणाऱ्या संस्थांकडून परवाना विकत घ्या. तिथे 'रॉयल्टी-फ्री' लिहिलेले असते, त्याचा अर्थ फुकट असा नाही. एकदा पैसे भरले की अटींप्रमाणे पुन्हा पुन्हा वापरता येतो, इतकेच. पावती जपून ठेवा.

चौथा मार्ग क्रिएटिव्ह कॉमन्सचा. विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणी लोक स्वतःहून परवानगी देऊन फोटो ठेवतात. मात्र अट वाचा. 'बाय' म्हणजे श्रेय द्या. 'एनसी' असेल तर धंद्याला चालणार नाही. 'एनडी' असेल तर फेरफार करून वापरता येणार नाही. गुगलच्या चित्रशोधातही वापराच्या हक्कांची चाळणी आहे, पण तिच्यावर विसंबू नका. मूळ पानावर जाऊन खात्री करा. आणि फोटोत गिऱ्हाईक किंवा कुणाचे मूल दिसत असेल तर त्यांनाही विचारा. वेबसाईट दुसऱ्याने बनवली तरी नोटीस मालकाच्याच दारात येते, म्हणून बनवणाऱ्याला प्रत्येक फोटो कुठला ते विचारून वहीत लिहून ठेवा.

आमच्या वेबसाईटवर आता पत्नीचेच मोदक आहेत. खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, माझ्या मोबाईलवर काढलेले. एका गिऱ्हाईकाने विचारले, "आधीचे मोदक जास्त सुबक दिसत होते, कारागीर बदलला का?" पत्नीने जे झाले ते खरे सांगितले. त्यांनी 51 मोदकांची ऑर्डर दिली आणि पुढल्या वर्षीही त्याच आल्या.

शेवटी समितीला एक विनंती. निर्मात्याचे नाव त्याच्या कृतीसोबत राहावे, हाही कायद्याने दिलेला हक्क आहे. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी मिरवणुकीचे, मुलांच्या नाटकाचे फोटो छापतो. ते टिपणारी मुले याच सभागृहात मागे उभी असतात. यापुढे प्रत्येक फोटोखाली त्यांचे नाव छापावे. खर्च काही नाही, एका ओळीची जागा लागेल.

गणपती बाप्पा मोरया!